फ्रान्सिस ओ'नील

फ्रान्सिस ओ'नील (२८ ऑगस्ट १८४८ – जानेवारी १९३६) हे आयर्लंडमध्ये जन्मलेले अमेरिकन पोलीस अधिकारी आणि आयरिश पारंपरिक संगीताचे संकलक होते. १९०१ ते १९०५ या काळात ते शिकागो शहराच्या पोलीस दलाचे प्रमुख होते. मात्र आज त्यांची ओळख पोलीस अधिकारी म्हणून फारशी उरलेली नाही. आयर्लंड सोडून अमेरिकेत स्थायिक झालेल्या शेतमजूर, हमाल, शिपाई आणि कारागीर वादकांकडून त्यांनी हजारो धुना गोळा केल्या व ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. १९०३ सालच्या त्यांच्या पहिल्या संग्रहात १,८५० धुना आहेत. एका ग्रंथात इतक्या आयरिश धुना त्यापूर्वी कधीही छापल्या गेल्या नव्हत्या. ओ'नील यांना स्वतःला स्वरलेखन करता येत नव्हते, हे या कामाचे एक वैशिष्ट्य होय.

बालपण

ओ'नील यांचा जन्म आयर्लंडच्या नैर्ऋत्य भागातील कॉर्क परगण्यात, बँट्री गावाजवळील ट्रॅलिबेन या वस्तीत झाला. जॉन ओ'नील व कॅथरिन ओ'माहोनी यांचे ते सर्वांत धाकटे अपत्य. जन्माच्या वेळी देशात बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे पडलेला महादुष्काळ चालू होता. १८४५ ते १८५२ या काळात सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मरण पावली आणि त्याहून अधिक लोक देश सोडून गेले. कॉर्कचा पश्चिम भाग हा सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक होता. ओ'नील यांचे कुटुंब तुलनेने सुस्थितीत होते, त्यामुळे ते तगले.

दुष्काळाने संगीताचीही मोठी हानी केली. ग्रामीण आयर्लंडमध्ये संगीत कागदावर नव्हते. ते माणसांच्या स्मरणात आणि बोटांत होते. वादक मेला किंवा जहाजात बसून निघून गेला, की त्याच्याबरोबर त्याच्या धुनाही गावातून जात. त्यातच काही भागांत धर्मगुरूंनी चौरस्त्यावरच्या नाचांना विरोध केला. या नाचांवर ज्यांचे पोट होते अशा पाइपवादकांपैकी काहींना अखेर अनाथगृहांसारख्या सरकारी आश्रयालयांत दिवस काढावे लागले.

तरीही ओ'नील यांच्या लहानपणी ट्रॅलिबेनच्या परिसरात संगीत जिवंत होते. आजोळी वादकांचे नेहमी स्वागत होई आणि आईला जुन्या चाली मोठ्या प्रमाणावर पाठ होत्या. गावाजवळच्या चौरस्त्यावर पीटर हॅगर्टी नावाचे पाइपवादक वाजवीत. शेजारचे एक शेतकरी, टिमथी डाउनिंग, यांच्याकडून ओ'नील यांना लाकडी बासरीचे पहिले धडे मिळाले. शाळेत ते हुशार होते आणि गणितात त्यांना विशेष गती होती. डाउनिंग यांच्याकडे स्वरलेखनाच्या वह्या होत्या, परंतु मुलाला त्यांनी कानानेच शिकवले. पुढच्या साऱ्या आयुष्यात ओ'नील यांची पद्धत हीच राहिली: धून ऐकायची आणि मनात ठेवायची.

समुद्रावर

१८६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी घर सोडले. शिक्षक अथवा धर्मसंघातील बंधू होण्याचा बेत होता. तो जुळून आला नाही आणि मुलगा इंग्लंडमधील संडरलंड बंदरातून जहाजावर पोऱ्या म्हणून चढला. पुढील चार वर्षांत त्यांनी भूमध्य समुद्र, काळा समुद्र, अमेरिका आणि पॅसिफिक असा प्रवास करून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.

या प्रवासातील दोन प्रसंगांचा त्यांच्या पुढील आयुष्याशी थेट संबंध आहे. १८६६ मध्ये लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या ‘एमराल्ड आइल’ या जहाजावर त्यांची क्लेअर परगण्यातील ॲना रॉजर्स या स्थलांतरित तरुणीशी ओळख झाली. चार वर्षांनी इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टन येथे दोघांचा विवाह झाला. दुसरा प्रसंग पॅसिफिक महासागरातला. ‘मिनेहाहा’ हे त्यांचे जहाज बेकर बेटाजवळ फुटले आणि खलाशी त्या ओसाड बेटावर अडकले. सुटका करणाऱ्या जहाजावर अन्न अपुरे होते. तेथील हवाईयन खलाशांपैकी एकाजवळ बासरी होती. ओ'नील यांनी ती वाजवून दाखवली आणि त्या खलाशाने आपल्या वाट्याचे अन्न त्यांच्याबरोबर वाटून खाल्ले. होनोलुलूला पोहोचेपर्यंत इतर खलाशी खंगले होते; ओ'नील धडधाकट उतरले. भाषा न समजणाऱ्या दोघांमधील हा व्यवहार त्यांनी आयुष्यभर लक्षात ठेवला.

तेथून ते सॅन फ्रान्सिस्कोला गेले. काही महिने सिएरा नेवाडाच्या डोंगरांत त्यांनी मेंढपाळाचे काम केले. नंतर मिझुरी राज्यातील एडिना या गावात एक हिवाळा शाळामास्तर म्हणून काढला. एडिनात आयरिश वस्ती मोठी होती, संध्याकाळी कोणा ना कोणाच्या घरी नाचगाणे होई आणि तेथे शिकलेल्या काही धुना पुढे संग्रहात आल्या. लग्नानंतर हे दांपत्य शिकागोला आले. सरोवरांतील जहाजांवर आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर काही काळ काम केल्यानंतर १८७३ साली ओ'नील शिकागो पोलीस दलात भरती झाले.

पोलीस दलातील कारकीर्द

नोकरीच्या अगदी सुरुवातीलाच एका घरफोड्याशी झालेल्या झटापटीत त्यांच्या पाठीत गोळी लागली. ती काढणे धोक्याचे ठरले असते, म्हणून ती मणक्याजवळ तशीच राहिली आणि पुढची साठ वर्षे ते ती घेऊन वावरले. या धैर्याबद्दल त्यांना पदोन्नती मिळाली. त्यानंतरची वाटचाल मात्र संथ होती. १८८७ मध्ये ते गस्तीचे सार्जंट, १८९० मध्ये लेफ्टनंट आणि १८९४ मध्ये कॅप्टन झाले. एप्रिल १९०१ मध्ये महापौर कार्टर हॅरिसन (धाकटे) यांनी त्यांची पोलीस प्रमुखपदी नियुक्ती केली. त्या काळी हे पद पूर्णपणे राजकीय मर्जीवर अवलंबून असे. प्रमुख येत आणि जात. ओ'नील चार वर्षे टिकले.

ही वर्षे शिकागोच्या इतिहासातील अत्यंत खळबळीची होती. सप्टेंबर १९०१ मध्ये अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळी झाडली गेल्यानंतर अराज्यवादी कार्यकर्त्या एमा गोल्डमन यांना शिकागोत अटक झाली. ओ'नील यांनी त्यांची स्वतः चौकशी केली आणि त्यांचा या कटाशी संबंध नसल्याचे त्यांना पटले. देशभर सूडाची भावना उसळलेली असताना पोलीस प्रमुखाने असे मत बनवणे सोपे नव्हते. गोल्डमन यांनी आपल्या आत्मचरित्रात त्यांचा उल्लेख आदराने केला आहे. ३० डिसेंबर १९०३ रोजी इरॉक्वॉय नाट्यगृहाला लागलेल्या आगीत ६०० हून अधिक माणसे मरण पावली. १९०४ मध्ये कत्तलखान्यांतील कामगारांचा संप झाला. १९०५ मधील गाडीवानांच्या हिंसक संपाच्या काळातच, जुलै महिन्यात, ते निवृत्त झाले.

ओ'नील केवळ वादकांनाच पोलीस दलात घेत, अशी एक आख्यायिका प्रचलित आहे. तिच्यात अतिशयोक्ती आहे. शिकागोच्या पोलीस दलात आयरिश माणसांचा भरणा आधीपासूनच मोठा होता आणि त्यांत वादक असणे स्वाभाविक होते. मात्र एखाद्या चांगल्या वादकाला नोकरी लागावी म्हणून त्यांनी शब्द टाकल्याची उदाहरणे आहेत. पाइपवादक बर्नार्ड डिलेनी हे त्यांपैकी एक.

संकलनाची सुरुवात

शिकागो हे आयरिश संगीताच्या दृष्टीने असाधारण ठिकाण होते. आयर्लंडमध्ये कॉर्कच्या वादकाला मेयो किंवा डोनेगलच्या वादकाची गाठ आयुष्यात कधी पडली नसती. शिकागोत मात्र बत्तीसही परगण्यांतील माणसे एकाच गल्लीत राहत, एकाच कारखान्यात राबत. रविवारच्या बैठकीत लीट्रिमचा पाइपवादक, मेयोचा फिडलवादक आणि कॉर्कचा बासरीवादक एकत्र बसत आणि प्रत्येकाकडे दुसऱ्याने न ऐकलेले काहीतरी असे. दुष्काळाने ज्यांना पांगवले होते, ते सारे येथे एका शहरात जमा झाले होते.

दक्षिण शिकागोतील डीरिंग स्ट्रीट ठाण्यात नेमणूक झाल्यावर ओ'नील या वर्तुळात ओढले गेले. आईकडून ऐकलेल्या चाली आपल्या स्मरणातून निसटतील, ही त्यांची पहिली काळजी होती. त्या लिहून घेण्यासाठी त्यांनी जेम्स ओ'नील या फिडलवादकाची मदत घेतली. आडनाव एकच असले तरी दोघांचे नाते नव्हते. जेम्स हे उत्तरेकडील बेलफास्टचे, फ्रान्सिस दक्षिणेकडील कॉर्कचे. जेम्स यांना ऐकलेली धून कागदावर उतरवण्याची उत्तम सवय होती, आणि पुढे तेही पोलीस दलात आले. ओ'नील संध्याकाळी जेम्सच्या घरी जात, बासरीवर वाजवून, शीळ घालून किंवा गुणगुणून धून सांगत. जेम्स ती लिहीत, मग फिडलवर वाजवून दाखवीत आणि फ्रान्सिस दुरुस्त्या सुचवीत. सुरुवातीला या वह्या केवळ खासगी उपयोगासाठी होत्या. त्या छापाव्यात असा विचारही दोघांच्या मनात नव्हता. इतर वादकांना बातमी लागली, तेव्हा तेही आपापल्या धुना घेऊन येऊ लागले आणि वह्या वाढत गेल्या.

आईच्या चालींपासून सुरुवात झाली, ही गोष्ट केवळ भावुक तपशील म्हणून सोडून देण्याजोगी नाही. ओ'नील यांच्या आधीचे संकलक बहुधा शहरी व सुशिक्षित होते. १७९२ मध्ये बेलफास्टला भरलेल्या हार्पवादकांच्या मेळाव्यात एडवर्ड बंटिंग या तरुण ऑर्गनवादकाने वृद्ध वादकांच्या चाली टिपून घेतल्या आणि त्या पियानोसाठी बांधून छापल्या. टॉमस मूर यांनी १८०८ पासून अशा चालींवर इंग्रजी गीते रचली. ती इंग्लंडमधील दिवाणखान्यांत अतिशय लोकप्रिय झाली. चित्रकार व पुरातत्त्वज्ञ जॉर्ज पेट्री यांनी प्रचंड हस्तलिखित संग्रह केला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी चार्ल्स स्टॅनफर्ड या डब्लिनमध्ये जन्मलेल्या अभिजात संगीतकाराने तो संपादित केला. या सर्वांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांतील बंटिंग व मूर यांनी गावातील चाल पियानोच्या भाषेत आणली आणि सर्वांचाच कल गीतांच्या संथ चालींकडे अधिक होता. गावकरी ज्यांवर नाचत त्या जिग, रील आणि हॉर्नपाइप यांना तुलनेने कमी स्थान मिळाले. ओ'नील यांना मात्र हव्या होत्या त्या मुख्यतः याच धुना, आणि त्या वादकांच्या उपयोगासाठी.

वादक

जेम्स अर्ली हे लीट्रिम परगण्यातून आलेले पोलीस सार्जंट. ते इलन पाइप्स वाजवीत. हे वाद्य स्कॉटिश बॅगपाइपहून वेगळे आहे. त्यात तोंडाने फुंकर घालत नाहीत; कोपराखाली बांधलेल्या भात्याने पिशवीत हवा भरली जाते, आवाज मंद व गोड असतो आणि ते बसून वाजवावे लागते. अर्ली यांचे जोडीदार जॉन मॅकफॅडन हे मेयोचे फिडलवादक. त्यांना एकही स्वर वाचता येत नव्हता, फिडल धरण्याची त्यांची पद्धतही कोणत्याही शिक्षकाने नापसंत केली असती, परंतु त्यांच्या धुनांचा साठा अखंड होता आणि नव्या धुनाही ते सहज रचत. टिपरेरीचे एड क्रोनिन हे दुसरे फिडलवादक. त्यांच्याकडून जुन्या धाटणीच्या अनेक धुना मिळाल्या. पॅट्सी टूही हे त्या काळचे अमेरिकेतील सर्वांत नामांकित पाइपवादक होते. ते विनोदी रंगमंचावर काम करून पोट भरीत आणि शिकागोत आले की या बैठकीला हजेरी लावीत. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात उभारलेल्या आयरिश खेड्यांमध्येही त्यांचे वादन झाले होते. त्याच प्रदर्शनासाठी डोनेगलचे वृद्ध पाइपवादक टर्लो मॅकस्वीनी आयर्लंडहून आले होते.

सर्वच वादक उदार नव्हते. ज्याच्याकडे इतरांना न येणारी धून असे, त्याचा मान त्या धुनेमुळे असे. ती वाटून टाकली की मान गेला. बर्नार्ड डिलेनी यांचे वादन अप्रतिम होते, परंतु लिहून घेण्यासाठी संथ वाजवायला ते सहसा तयार होत नसत. अशा वेळी ओ'नील ती धून ऐकून मनात धरून ठेवीत आणि विसरण्यापूर्वी जेम्सपर्यंत पोहोचवीत. या पद्धतीला चोरी म्हणावे की जतन, याविषयी तेव्हाही दुमत होते. डिलेनी यांच्याशी ओ'नील यांचे नाते मात्र तुटले नाही.

संग्रहातील धुना तपासण्यासाठी वादकांची एक समिती बसवण्यात आली. कोणते रूप खरे, कोणती धून दुसऱ्या धुनेची भावंड, कोणती आयरिश नव्हेच, यावर प्रत्येकाचे मत ठाम होते आणि कोणी माघार घ्यायला तयार नव्हते. समिती टिकली नाही. अखेरचा निर्णय बहुधा दोन्ही ओ'नील यांनीच घेतला. शतकाच्या आरंभी स्थापन झालेल्या शिकागोच्या आयरिश संगीत मंडळाचीही हीच गत झाली. काही वर्षे त्याने उत्तम कार्यक्रम केले, नंतर हेवेदाव्यांनी ते मोडले.

ग्रंथ

१९०३ साली ‘ओ'नील्स म्यूझिक ऑफ आयर्लंड’ हा ग्रंथ शिकागोतील लायन अँड हीली यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. त्यातील १,८५० धुनांमध्ये ६२५ संथ चाली, अठराव्या शतकातील अंध हार्पवादक टर्लो ओ'कॅरलन यांच्या ७५ रचना, ४१५ दुहेरी जिग, ६० स्लिप जिग, ३८० रील, २२५ हॉर्नपाइप, २० दीर्घ नृत्ये आणि ५० संचलनगीते आहेत. शीर्षके इंग्रजीबरोबर आयरिश भाषेतही दिली होती. खर्च ओ'नील यांनी स्वतःच्या खिशातून केला आणि तो पुढे कधीच भरून आला नाही.

पुस्तक मोठे व महाग होते. सामान्य वादकाला परवडेल आणि नृत्यापुरते पुरेल असे पुस्तक हवे, हे ध्यानात घेऊन १९०७ मध्ये ‘द डान्स म्यूझिक ऑफ आयर्लंड’ निघाले. त्यात १,००१ नृत्यधुना आहेत. ओ'नील यांच्या सर्व ग्रंथांत याचा प्रसार सर्वाधिक झाला. आयर्लंड आणि अमेरिकेतील वादकांत ते पुढे नुसते ‘पुस्तक’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले; कोणते, हे विचारावे लागत नसे. या दोन्ही ग्रंथांत धुनेची फक्त एकेरी ओळ आहे. पियानोची साथ जोडलेली नाही.

ज्यांच्या घरी पियानो होता त्या मध्यमवर्गीय आयरिश-अमेरिकन कुटुंबांसाठी मात्र १९०८ मध्ये पियानो व व्हायोलिनसाठी २५० निवडक धुनांचे पुस्तक काढण्यात आले. त्यातील स्वरयोजनेवर टीका झाली. पुढील वाढीव आवृत्तीसाठी सेलीना ओ'नील या शिकागो म्युझिकल कॉलेजमध्ये शिकलेल्या व्हायोलिनवादिकेने नव्याने साथ लिहिली. त्याही नात्यातल्या नव्हत्या. अभिजात शिक्षण घेतलेली ही तरुणी गावाकडच्या धुनाही तितक्याच सहजतेने वाजवी आणि ओ'नील यांच्या उतारवयात त्यांच्या कामाचा मोठा भार तिने उचलला.

‘आयरिश फोक म्यूझिक: अ फॅसिनेटिंग हॉबी’ (१९१०) हे संकलनाच्या अनुभवांवरचे पुस्तक आहे. ‘आयरिश मिन्स्ट्रेल्स अँड म्युझिशियन्स’ (१९१३) मध्ये हार्पवादक, पाइपवादक व फिडलवादक यांची छायाचित्रांसह शेकडो चरित्रे आहेत. यातील बहुतेक माणसांची नोंद अन्यत्र कोठेही झालेली नव्हती. यासाठी त्यांनी आयर्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील लोकांशी पत्रव्यवहार केला. धुनांचे संग्रह अधिक प्रसिद्ध असले, तरी अभ्यासकाच्या दृष्टीने हे चरित्रकोशवजा पुस्तक त्यांच्याइतकेच मोलाचे आहे. धून अनेकांच्या तोंडी टिकू शकते, पण गरीब वादकाचे नाव टिकत नाही. १९२२ मध्ये ‘वेफ्स अँड स्ट्रेज ऑफ गेलिक मेलडी’ हा त्यांचा अखेरचा संग्रह आला.

स्वरलेखनावरील आक्षेप

ओ'नील यांच्या संग्रहांत चुका आहेत. काही धुना किरकोळ फरकाने वेगवेगळ्या नावांनी दोनदा आल्या आहेत. काही जुन्या छापील पुस्तकांतून घेतल्या आहेत, तर काही स्कॉटिश वा अमेरिकन मूळच्या आहेत. काही ठिकाणी स्वरपट्टीच चुकीची छापली गेली आहे. ज्या धुनांना नावे नव्हती, त्यांना ओ'नील यांनी मित्रांची वा गावांची नावे दिली. ती आता पारंपरिक म्हणूनच वापरात आहेत.

यांहून गंभीर आक्षेप लेखनाच्या पद्धतीवर आहे. आयरिश वादक एकच धून दोनदा सारखी वाजवीत नाही. प्रत्येक आवर्तनात तो स्वरांवर छोटे छोटे आघात, मुरके आणि कणस्वर बदलून घालतो. धुनेचा जीव त्यातच असतो. छापील ओळीत केवळ सांगाडा येतो. त्यातच मॅकफॅडन यांच्यासारख्या वादकाचे काही स्वर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधले असत, त्यांना छापील स्वरलेखनात जागाच नव्हती. आयरिश भाषेचे प्राध्यापक व धर्मगुरू रिचर्ड हेनेब्री यांनी हा मुद्दा आग्रहाने मांडला. आयरिश संगीताचे स्वर पियानोच्या समान स्वरांतरांत बसत नाहीत, असे त्यांचे मत होते. अमेरिकेत असताना त्यांनी ओ'नील यांच्या मंडळींचे वादन ऐकले होते आणि त्याने ते भारावून गेले होते. ओ'नील यांनी या वादकांचे वादन एडिसन यंत्राच्या मेणाच्या नळ्यांवर मुद्रित करून हेनेब्री यांना पाठवले. ज्या गोष्टी कागदावर येत नव्हत्या, त्या निदान मेणावर याव्यात, हे दोघांनाही पटले होते.

जेम्स ओ'नील यांच्या लेखनातील त्रुटी मान्य करूनही एक गोष्ट विसरता येत नाही. हे पुस्तक ज्यांच्या हाती पडायचे होते, त्यांना आघात आणि मुरके कोठे घालायचे हे शिकवण्याची गरज नव्हती. त्यांना फक्त धून आठवून द्यायची होती. पुढे ही परंपरा कानाने न मिळालेले वाचक आले, तेव्हा सांगाड्यालाच संगीत समजण्याची चूक सुरू झाली. तिचा दोष संग्राहकाकडे पूर्णपणे जात नाही.

घरातील संगीत

ओ'नील दांपत्याला दहा अपत्ये झाली. त्यांपैकी अनेक बालपणीच दगावली. १९०४ साली १८ वर्षांचा मुलगा रॉजर्स मरण पावला. त्यानंतर ॲना यांनी घरात संगीत वाजू दिले नाही. पहिला महाग्रंथ नुकताच बाहेर पडला होता, पुढचे ग्रंथ यायचे होते, आणि ज्या घरात ते तयार झाले त्या घरात बासरी बंद झाली होती. ओ'नील बैठकींसाठी मित्रांच्या घरी जात राहिले. आयरिश संगीताच्या सर्वांत मोठ्या संग्राहकाच्या कामाचा मोठा भाग अशा रीतीने घराबाहेर, किंवा घरातल्या शांततेत कागदांवर, पार पडला आहे. पत्नीच्या निर्णयाविरुद्ध त्यांनी कधी तक्रार केल्याचे दिसत नाही.

आयर्लंडची भेट आणि अखेरची वर्षे

१९०६ मध्ये ओ'नील पत्नीसह आयर्लंडला गेले. चाळीस वर्षांपूर्वी सोडलेल्या ट्रॅलिबेनमध्ये ओळखीची माणसे थोडी उरली होती. १८४१ मध्ये सुमारे ८२ लाख असलेली देशाची लोकसंख्या १९०१ मध्ये ४५ लाखांच्या आसपास आली होती. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीगमुळे आयरिश भाषेची चळवळ जोरात होती आणि डब्लिनमध्ये संगीतस्पर्धाही भरू लागल्या होत्या. परंतु खेड्यांतील बैठका त्यांना अपेक्षेप्रमाणे आढळल्या नाहीत. शिकागोत आठवड्यातून अनेकदा ऐकायला मिळणारे वादन ऐकण्यासाठी येथे वणवण करावी लागली. परदेशातून मायदेशी घेऊन आलेल्या ग्रंथांतील धुना मायदेशातल्या तरुणांना अनोळखी होत्या, हे त्यांना जिव्हारी लागले.

अमेरिकेतील परिस्थितीही त्यांना समाधानकारक वाटेना. सधन झालेले आयरिश-अमेरिकन लोक या संगीताला गावंढळ समजू लागले होते. पुस्तके खपत नव्हती; ती ओ'नील यांनी अनेकदा भेट म्हणूनच वाटली. अर्ली, मॅकफॅडन, टूही, क्रोनिन हे मित्र एकामागून एक गेले. हिवाळ्यात ते मिसिसिपी राज्यातील ओशन स्प्रिंग्ज येथे राहत, जेथे डिलेनीही निवृत्त होऊन आले होते. १९२१ नंतर स्लायगोचे फिडलवादक मायकल कोलमन व इतरांच्या न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालेल्या ध्वनिमुद्रिका आयर्लंडमध्ये पोहोचू लागल्या. स्थलांतरितांनी जपलेले संगीत ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने घरी परतत होते. ओ'नील यांना या बदलाचा आवाका कितपत जाणवला होता, हे त्यांच्या निराश सुरातील उत्तरकालीन लेखनावरून सांगणे कठीण आहे.

१९३१ मध्ये त्यांनी आपला सुमारे १,५०० ग्रंथांचा संग्रह इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठाला दिला. जानेवारी १९३६ मध्ये शिकागो येथे, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शहरातील माउंट ऑलिव्हेट दफनभूमीत त्यांचे दफन झाले.

नंतरचा काळ

१९५१ मध्ये आयर्लंडमध्ये पारंपरिक वादकांची देशव्यापी संघटना उभी राहिली आणि साठच्या दशकात तरुण पिढी पुन्हा या संगीताकडे वळली. तेव्हा तिच्या हातात १९०७ चे ‘पुस्तक’ होते. त्याची पुनर्मुद्रणे निघाली. संगणकयुगात जगभरच्या हौशी वादकांनी ओ'नील यांचे संग्रह अक्षरांत लिहिता येणाऱ्या स्वरलिपीत विनामूल्य उपलब्ध केले. १९९७ मध्ये निकोलस कॅरलन यांनी लिहिलेले चरित्र प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये ओ'नील यांच्या पोलीस जीवनाच्या आठवणींचे हस्तलिखित पुस्तकरूपाने आले. २००० साली ट्रॅलिबेन येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

मेणाच्या नळ्यांपैकी बऱ्याच नष्ट झाल्या असाव्यात असा समज होता. त्यांपैकी काही विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथील एका कुटुंबाकडे शतकभर जपून राहिल्या होत्या. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्या पुढे आल्या आणि तेथील वॉर्ड आयरिश संगीत संग्रहालयाने त्यांचे डिजिटल रूपांतर केले. मेणाच्या खरखरीतून ओ'नील यांच्या वर्तुळातील वादकांची बोटे आता ऐकू येतात, आणि छापील ओळीत न उतरलेले आघात व मुरके त्यांत स्पष्ट आहेत.